बालसाहित्यिकाचा चरित्रपट घरी बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत मुलांची एक छोटी लायब्ररी चालते. तिच्या निमित्ताने अधूनमधून कुणाच्या तरी घरी सिनेमाही बघितला जातो. सध्या ‘गुडबाय ख्रिस्तोफर रॉबिन’ घरोघरी फिरतोय आणि दर वेळी ग्रुपवर तेच प्रश्न नव्याने येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. सिनेमातलं काही आधी कळलं तर रसभंग होईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी सिनेमा बघून मग इकडे यावं.

सिनेमा कशाबद्दल आहे?

विनी-द-पू हे अस्वल ज्याने लिहिलं तो ए. ए. मिल्न आणि ज्याच्या खेळण्यांवरून लिहिलं तो त्याचा मुलगा ख्रिस्तोफर रॉबिन, या दोघांबद्दल. मिल्न हा ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात नाव कमावलेला लेखक आणि यशस्वी नाटककार. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समधल्या सोम नदीच्या आघाडीवर होता. परत आला तेव्हा शरीर धड होतं, मन नव्हतं. लंडन सोडून तो ससेक्समध्ये एका जुन्या शेतघरात राहायला जातो. शेजारी अ‍ॅशडाउनचं जंगल. तिथे पूच्या गोष्टी जन्माला येतात आणि घरातलं लहान मूल बघता बघता जगप्रसिद्ध होतं. पुढचा सिनेमा त्या प्रसिद्धीची किंमत कुणी मोजली याचा आहे.

२०१७ चा सिनेमा. दिग्दर्शक सायमन कर्टिस. डॉम्नल ग्लीसन वडील, मार्गो रॉबी आई, केली मॅकडोनल्ड दाई. गालाला खळ्या पडणारा तो छोटा मुलगा म्हणजे विल टिल्स्टन.

पू आहे म्हणजे बच्चेकंपनीला लावून देऊन आम्ही स्वयंपाकाला मोकळे, बरोबर?

अजिबात नाही. बालसाहित्यिकावरचा सिनेमा हा मुलांचा सिनेमा असतो, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. हा मोठ्यांचा सिनेमा आहे आणि त्यात एक मूल आहे. मधमाशा, जंगल, पुलावरून काड्या टाकण्याचा खेळ हे सगळं आहे, पण ते मधल्या अर्ध्या तासात. त्याच्या आधी युद्ध आहे, नंतर शाळेतला छळ आहे, आणि सुरुवातच १९४१ सालच्या एका तारेने होते. तार वाचणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून मजकूर काय असेल ते पाचवीतल्या मुलालाही कळतं.

इंग्लंड-अमेरिकेत याला ‘पालकांच्या मार्गदर्शनाने’ असं प्रमाणपत्र आहे. माझ्या मते साधारण दहा वर्षांपासून पुढच्यांनी, आणि घरातलं कुणी मोठं शेजारी बसलेलं असताना बघावा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना पुस्तकच वाचून दाखवा.

कोणते प्रसंग आधी माहीत असलेले बरे?

युद्धाच्या आठवणी अचानक अंगावर येतात. पार्टीत बाटलीचं बूच उडतं आणि मिल्न तिथल्या तिथे खंदकात पोचतो. जंगलात घूं-घूं आवाज येतो तेव्हा त्याला प्रेतांवरच्या माशा आठवतात, आणि हात धरून चालणारा मुलगा सांगतो की या मधमाशा आहेत. सिनेमातला हा मला सर्वांत आवडलेला प्रसंग. तिथे पार्श्वसंगीत नसतं तरी चाललं असतं.

शिवाय बाळंतपणाचा एक प्रसंग आहे. रक्त वगैरे दिसत नाही, पण आईची भीती दिसते. वसतिगृहातल्या शाळेत मुलं ख्रिस्तोफरला त्रास देतात, तो भाग मोठ्या मुलांना जास्त लागतो असा अनुभव आहे. आमच्याकडे आठवीतला एक मुलगा त्या प्रसंगाला उठून गॅलरीत गेला आणि दुसऱ्या कुणीतरी ‘झालं, ये आता’ म्हटल्यावरच आत आला. कुणी चौकशी केली नाही, आणि ते बरंच केलं.

कुठे मिळेल?

ओटीटीवर सिनेमे आज इथे, उद्या तिथे. टीव्हीच्या शोधपट्टीत नाव टाका, भाड्याने घ्यायचा पर्याय आहे का तेही बघा. टेलिग्रामवरची लिंक ग्रुपवर टाकू नका, ती आम्ही काढून टाकतो.

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर आहे. तिथे सगळ्यांना दाखवला तर?

घरचं सबस्क्रिप्शन घरच्यांपुरतं असतं. चार मित्र, मावशी, शेजारचे काका हॉलमध्ये येऊन बसले तर कुणी विचारायला येत नाही. पण नोटीसबोर्डावर कागद लावून पन्नास माणसं बोलावली, की ते सार्वजनिक प्रदर्शन होतं आणि त्यासाठी हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. तिकीट लावलं नाही म्हणून ती माफ होत नाही. सेक्रेटरींना हे पटायला वेळ लागतो, धीर धरा.

इंग्रजी संवाद मुलांना आणि आजी-आजोबांना कळतील का?

संवाद हळू आहेत, पण हेल ब्रिटिश आहे आणि निम्म्या गोष्टी ओठ न हलवता बोलल्या जातात. इंग्रजी सबटायटल सुरू ठेवा, वाचता येणारी मुलं बरोबर पकडतात. आजी-आजोबांसाठी सुरुवातीला दोन मिनिटं गोष्ट सांगावी आणि पात्रांची नाती स्पष्ट करावीत. घरी त्या मुलाला ‘बिली मून’ म्हणतात, वडिलांना ‘ब्लू’ म्हणतात आणि दाईला ‘नू’. एवढं सांगितलं नाही तर पहिली वीस मिनिटं ‘हा बिली कोण?’ यातच जातात.

एका आजींनी मात्र सबटायटलशिवायच सिनेमाचं मर्म सांगितलं होतं: ‘पोर सगळा वेळ त्या दाईकडे बघतंय. आई-बाप पोराकडे बघतायत, पण फोटोत बघावं तसं.’

आधी पुस्तक की आधी सिनेमा?

आधी पुस्तक. सगळं नको, दोन-तीन प्रकरणं पुरतात: पू सशाच्या बिळात अडकतो ते आणि ईयोर या गाढवाची शेपटी हरवते ते. मुलांना पूची ओळख पिवळ्या अंगाचा, लाल बंडी घातलेला कार्टूनमधला प्राणी अशी असते. ते रूप अमेरिकेतलं आणि नंतरचं आहे. मूळ पुस्तकात ई. एच. शेपर्डची काळ्या रेघांची चित्रं आहेत. शेपर्डही युद्धावर जाऊन आलेला, तोही ‘पंच’मध्येच चित्रं काढायचा आणि सिनेमात तो आहे. गंमत म्हणजे त्याने चित्रातलं अस्वल काढलं ते ख्रिस्तोफरच्या अस्वलावरून नाही, स्वतःच्या मुलाच्या अस्वलावरून.

इंग्रजी प्रत अप्पा बळवंत चौकात किंवा डेक्कनच्या दुकानांत सहज मिळते. पुस्तक मागताना ‘मूळ चित्रांची’ असं आवर्जून सांगा, नाहीतर लाल बंडीवालं हातात पडेल.

यात खरं किती आणि रचलेलं किती?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि खरं तर याच्यासाठीच हे पान लिहिलं आहे.

आधी जे पक्कं आहे ते. ख्रिस्तोफर रॉबिनचा जन्म ऑगस्ट १९२० चा. मिल्न कुटुंबाने ससेक्समधलं ते शेतघर, म्हणजे कॉचफर्ड फार्म, घेतलं ते १९२५ मध्ये. पूची पहिली गोष्ट त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी लंडनच्या एका सायंदैनिकात आली, पहिलं पुस्तक १९२६ ला आणि दुसरं १९२८ ला. त्यांच्या अलीकडे-पलीकडे बालकवितांचे दोन संग्रह, १९२४ आणि १९२७ चे. म्हणजे मिल्नने मुलांसाठी ज्या चार पुस्तकांवर जग जिंकलं ती अवघ्या चार वर्षांतली. मग तो थांबला. त्याला नाटककार म्हणून नाव हवं होतं. युद्धाविरुद्ध त्याने १९३४ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं. लोकांना अस्वलच हवं होतं.

मुलाचे हाल झाले हेही खरं. लहानपणी वडिलांच्या कवितांची एक ध्वनिमुद्रिका त्याच्या आवाजात काढली होती. पुढे शाळेत शेजारच्या खोलीतली मुलं तीच तबकडी लावून लावून त्याला छळायची. शेवटी त्यांनाच कंटाळा आला आणि तबकडी त्यांनी त्याच्या हातात दिली. त्याने तिचे तुकडे तुकडे केले आणि लांबच्या शेतात फेकून दिले. हे त्याने स्वतःच १९७४ मध्ये आलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

आता रचलेलं. सुरुवातीची तार सिनेमाच्या सोयीची आहे. ख्रिस्तोफर दुसऱ्या महायुद्धात इंजिनिअर दलात होता, इटलीत डोक्याला जखम झाली आणि तो परत आला. वैद्यकीय चाचणीत तो आधी नापास झाला आणि वडिलांनी शब्द टाकून त्याला सैन्यात घेववलं, हे मात्र खरंच घडलेलं.

सिनेमातला सर्वांत गोड भाग म्हणजे आई लंडनला गेलेली, दाई रजेवर, आणि बाप-लेक दोघंच जंगलात खेळतायत, खेळता खेळता गोष्टी सुचतायत. पडद्यावर तो भाग इतका सुंदर उतरला आहे की त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. पण मुलाची साक्ष वेगळी आहे. ख्रिस्तोफर लिहितो की वडिलांना लहान मुलांमध्ये रमताच येत नव्हतं, आणि मुलाशी खेळता येत नव्हतं म्हणूनच त्यांनी मुलाबद्दल लिहिलं. खेळायची ती दाई आणि आई. म्हणजे पूचं जंगल हे बाप-लेकाच्या खेळाची नोंद नसून न झालेल्या खेळाची भरपाई आहे. मला तरी ही खरी गोष्ट सिनेमातल्या गोष्टीपेक्षा जास्त हलवते, आणि ती पडद्यावर आणायची हिंमत दिग्दर्शकाने केली असती तर सिनेमा फार वेगळा झाला असता. कदाचित बघायला कुणी आलं नसतं, हा भाग निराळा.

म्हणून एक सवय सुचवते. कुठलाही चरित्रपट बघताना जिथे डोळे भरून येतील, ती जागा मनात टिपून ठेवा आणि नंतर नेमकी तीच तपासा. पटकथाकाराने सर्वांत जास्त कष्ट तिथे घेतलेले असतात.

आई खरंच इतकी थंड होती का?

सिनेमा डॅफ्नीवर थोडा अन्याय करतो. खेळण्यांना आवाज देणारी, त्यांना स्वभाव देणारी ती होती, आणि एवढं श्रेय सिनेमानेही दिलं आहे. पण त्या काळातल्या त्या वर्गात मूल दाईच्या हाती असणं हीच रीत होती. आई-वडिलांसमोर त्याला ठरलेल्या वेळी आणायचं. आपल्या नजरेला ते निर्दय दिसतं. वडील गेल्यानंतर आई-मुलात दुरावा राहिला, तो मात्र अखेरपर्यंत मिटला नाही.

आमच्याकडे सिनेमा संपल्यावर आयांमध्ये यावरूनच जुंपते, आणि बाबा लोक तेवढ्यात कपबश्या आत नेतात. लक्षात घ्या, बापाबद्दल ‘तो थंड होता का’ असं मला अजून कुणी विचारलेलं नाही.

पू हे नाव कुठून आलं? ती खेळणी अजून आहेत का?

‘विनी’ हे लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या खऱ्या काळ्या अस्वलाचं नाव. कॅनडाच्या सैन्यातल्या हॅरी कोलबर्न नावाच्या पशुवैद्याने १९१४ मध्ये आघाडीवर जाताना वाटेत एका स्टेशनवर वीस डॉलरला ते पिल्लू घेतलं आणि आपल्या विनिपेग शहरावरून त्याचं नाव ठेवलं. स्वतः फ्रान्सला जाताना ते लंडनला सोडलं. छोटा ख्रिस्तोफर त्या अस्वलिणीवर फिदा होता. हो, विनी मादी होती. ‘पू’ हे एका हंसाचं नाव, ते मात्र ख्रिस्तोफरनेच ठेवलेलं.

खेळणी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात काचेआड आहेत: पू, पिगलेट, ईयोर, कांगा आणि टिगर. रू फार पूर्वीच सफरचंदाच्या बागेत हरवला. घुबड आणि ससा खेळण्यांत नव्हतेच, ते मिल्नच्या डोक्यातले.

त्या मुलाचं पुढे काय झालं?

बरं झालं. १९४८ मध्ये लग्न केलं आणि १९५१ मध्ये बायकोबरोबर डार्टमथ या बंदरगावी पुस्तकांचं दुकान काढलं. गिऱ्हाईक पुस्तक घ्यायला यायचं आणि दुकानदाराकडे टक लावून बघायचं, हे त्याच्या नशिबातून सुटलं नाही. पूच्या पैशांना त्याने बरीच वर्षं हात लावला नाही. मुलीला जन्मतः सेरेब्रल पाल्सी होती, पुढे तिच्या देखभालीसाठी मात्र घेतले. १९९६ मध्ये तो गेला.

आम्ही मुलांचे रील टाकतो. म्हणजे आम्हीही मिल्नच का?

हा प्रश्न दर वेळी हसत विचारला जातो आणि दर वेळी मग खोलीत शांतता होते. मिल्नने निदान चार चांगली पुस्तकं लिहिली. बाकी तुमचं तुम्ही ठरवा, पण मूल सात-आठ वर्षांचं असेल तर ठरवताना त्यालाही विचारा.

आपल्याकडे असं काही नाही का?

आहे की. आणि ते बरोबर उलट्या दिशेचं आहे. ‘श्यामची आई’मध्ये मूलच मोठं होऊन स्वतः गोष्ट सांगतं. ख्रिस्तोफरची गोष्ट दुसऱ्याने सांगितली आणि ती परत घ्यायला त्याला पन्नाशी गाठावी लागली. श्यामची गोष्ट पहिल्यापासून श्यामच्याच ताब्यात होती. साने गुरुजींनी ती फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. पुण्याशी त्यांचं नातं जुनं: न्यू पूना कॉलेजात, म्हणजे आजच्या स. प. महाविद्यालयात ते शिकले. पुढे सुरू केलेलं ‘साधना’ साप्ताहिक आजही शनिवार पेठेतून निघतं.

सिनेमे दोन. सासवडच्या आचार्य अत्र्यांचा १९५३ चा, ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. त्यात वनमाला आई आणि माधव वझे श्याम. दुसरा सुजय डहाके यांचा २०२३ चा, हाही मुद्दाम कृष्णधवल, ओम भूतकर साने गुरुजींच्या भूमिकेत. नव्यात लेखक स्वतः पात्र म्हणून उभा आहे, त्यामुळे मिल्नच्या शेजारी ठेवून बघायला तो जास्त सोयीचा. अत्र्यांचा आधी बघितला तर आजी-आजोबा संवाद पाठ म्हणतात, याची तयारी ठेवा.

आणि २०१७ च्याच ‘फास्टर फेणे’मध्ये दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत झाले आहेत. तो चरित्रपट नाही, पण फुरसुंगीच्या पोराला जन्म देणारा माणूस पडद्यावर बघून आमची मुलं खूश झाली. भागवतांवर कुणी पूर्ण सिनेमा काढेल तर पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला आम्ही हजर.

गॅदरिंगसाठी पूची गोष्ट मराठीत बसवली तर हक्कांची अडचण येईल का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. मिल्न जानेवारी १९५६ मध्ये गेला, म्हणजे त्याचा मजकूर इथे २०१६ अखेर मोकळा झाला. तेव्हा मूळ पुस्तकावरून स्वतः मराठी करा, बिनधास्त बसवा. मात्र शेपर्ड १९७६ मध्ये गेला, त्याची चित्रं २०३६ अखेरपर्यंत हक्कात आहेत. बॅनरवर ती छापू नका. लाल बंडीवालं कार्टून तर मुळीच नको. मुलांकडून नवं अस्वल काढून घ्या. आमच्या एकीने काढलेल्या पूला पगडी होती आणि त्यावर कुणालाही हरकत घेता येणार नाही.

कधी ठेवावा? गुरुवारी चालेल?

गुरुवार सोडून कधीही. पुण्यात गुरुवारी वीज दुरुस्तीसाठी जाते, पाणीही कपातीला तोच मुहूर्त धरतं, आणि नेमकं तारेच्या प्रसंगाला इन्व्हर्टर माना टाकतो. शनिवारी संध्याकाळी सातला सुरू केला तर पावणेदोन तासांत संपून जेवायच्या वेळेला गप्पा होतात. भेळ सिनेमाच्या आधी खा, कुरकुरीत काही मध्ये नको, कारण महत्त्वाची वाक्यं पुटपुटलेली आहेत.

हा आवडला. पुढे काय बघावं?

मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर ‘मिस पॉटर’, २००६ चा. पीटर रॅबिट लिहिणाऱ्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटरवर. प्रकाशकाशी जुळलेलं लग्न त्याच्या अचानक मृत्यूमुळे मोडलं आणि पुढे बाईंनी पुस्तकांच्या पैशांतून शेतं विकत घेत नेली. मरताना चार हजारांहून जास्त एकर जमीन नॅशनल ट्रस्ट या जमिनी आणि वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन गेल्या. सिनेमा थोडा गुळचट आहे, पण डोंगर बघण्यासारखे आहेत.

‘फाइंडिंग नेव्हरलँड’, २००४ चा, ‘पीटर पॅन’ हे नाटक लिहिणाऱ्या जे. एम. बॅरीवर. रडायची हौस असेल तर हा. वर सांगितलेली सवय इथे वापरून बघा: ज्या भावंडांवरून बॅरीला पीटर पॅन सुचला, त्यांना तो सिनेमात भेटतो तेव्हा त्यांचे वडील वारलेले आहेत. प्रत्यक्षात ते जिवंत होते, नाटक रंगमंचावर आलं त्या १९०४ सालीही होते, १९०७ मध्ये गेले. मुलंही चार नव्हती, पाच होती. एक बाप काढून टाकला की गोष्ट किती सोपी होते बघा.

‘सेव्हिंग मिस्टर बँक्स’, २०१३ चा, मेरी पॉपिन्सची लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स हिच्यावर. एमा थॉम्पसनसाठी जरूर बघा. शेवटी थिएटरमध्ये डिस्नेचा ‘मेरी पॉपिन्स’ बघताना लेखिकेचे डोळे पाणावतात ते सिनेमा आवडल्यामुळे, असं डिस्नेने काढलेल्या या सिनेमाचं म्हणणं. खऱ्या ट्रॅव्हर्सबाईंना ‘मेरी पॉपिन्स’मधली कार्टूनं शेवटपर्यंत पटली नव्हती. हा मोठ्या मुलांबरोबर बघा आणि मध्ये थांबवून विचारा की ही गोष्ट सांगतंय कोण. आमच्याकडे नववीतल्या मुलीने स्टुडिओचं नाव घेतलं आणि रिमोट हातात घेऊन सिनेमा पुढे सुरू केला.